ओढणीत बांधून आणलेलं कोहळं

आमच्याकडं लाल भोपळ्याले कोहळं म्हणतात. आधीच सांगून टाकते, कारण पुण्याच्या एका मैत्रिणीले मी ही सगळी गोष्ट धडाधडा सांगितली अन् ती बिचारी शेवटपर्यंत पेठ्याच्या मिठाईचं पांढरं कोहळं डोळ्यापुढं धरून बसली. तसं नाही. हे लाल, फाकाफाकांचं, बसक्या माठासारखं. अन् आमच्या आजोळात ज्याचं कोहळं मोठं तो माणूस मोठा, इतकं साधं आहे.

मामाचं गाव मूर्तिजापूरच्या अलीकडं. अमरावतीवरून आमी येतो, अकोल्यावरून मावशीचे लोक. भाऊबीजेले आई अन् मावशी मामाले ओवाळतात, अन् ओवाळणं झालं की मामा अंगणात धान्याचा काटा मांडतो. मग प्रत्येक घरानं आपापलं कोहळं आणून त्याच्यावर ठेवायचं. नियम मामाचेच: एका घराचा एकच वेल, बी आदल्या वर्षी वाटलेलंच, देठ शाबूत पाहिजे, फुटलेलं-सडलेलं धरत नाहीत. कप-बिप काही भेटत नाही. ज्याचं कोहळं वजनात भारी त्याचं तिथंच फोडायचं. पहिला घाव मामाचा, कारण आख्खं कोहळं बाईनं फोडू नये म्हणतात. मग आई, मावशी, मामी चिरायले बसतात, भाजी शिजते, अन् त्याचं बी जिंकणाऱ्यानं आपल्या हातानं सगळ्याईले वाटायचं. पुढच्या वर्षी सगळ्या घरांत त्याच बियाचे वेल.

मले तेवढंच पाहिजे होतं. बी माझ्या हातून जावं.

पण बी जाते ताईच्या हातून. ताई म्हणजे मावशीची पोरगी, अकोल्याची, माझ्यापेक्षा थोडीशी मोठी, अन् त्या थोडीशीचा तिनं जन्मभर फायदा घेतला आहे. ती बी वाटते कशी ते सांगते. स्टीलची वाटी घेऊन उभी राहते, एकेकाच्या तळहातावर बी ठेवते, अन् प्रत्येकाले एक वाक्य देते. प्रसाद दिल्यासारखं. मागच्या वर्षी मामीले म्हणाली, "मामी, तुमचं तं यंदा लई देखणं होतं." अन् माझ्या हातावर ठेवताना म्हणाली, "नीट लावजो बरं. यंदासारखं नको करू."

माझं त्या वर्षी नारळाएवढं झालं होतं. सगळे हसले. माझी सख्खी आई पण हसली.

ते वाक्य मी वर्षभर घेऊन फिरले. अमरावतीत राजापेठेत क्लासचा जिना चढताना, स्कूटी गर्दीत अडकली की, दात घासताना. नीट लावजो बरं. बरं, जखमेवर मीठ असं की आमचं घर भाजीपाल्याचं. नांदगाव पेठच्या बाजूले बाबांचं वावर आहे, वांगी, भेंडी, कोथिंबीर, बाजारात आमच्या मालाले नाव आहे. अन् मावशीच्या घरामागं काय, तर एक परसबाग. डाळिंबाचं एक झाड, तुळस, कपडे वाळवायची तार. त्याच्यात ती एवढं कोहळं काढते अन् आमी वावरवाले नारळ घेऊन जातो. बाबाले काही वाटत नाही. म्हणतात, "कोहळं बाजारात इकते, काट्यावर नाचत नाई." पण मले वाटते ना.

यंदा मी जिवावर उदार झाले. पाऊस लागला तसं बी कोमट पाण्यात भिजवलं, ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजच्या मागं ठेवलं, तिथं ऊब असते. मोड आला, फोटो काढून ग्रुपवर टाकला. ग्रुपचं नाव 'आजोळ'. वावरात विहिरीजवळ खड्डा केला, शेणखत भरलं, फोटो. दोन पानं फुटली, फोटो. आधी नुसती नर फुलंच येतात, तेव्हा मी घाबरून ग्रुपवर विचारलं की वेल वांझ आहे का, अन् मामाने लिहिलं, "धीर धर पोरी, नवरदेव पहिले येत असते." मग मादी फूल आलं, बुडाले बोराएवढं कोहळं असलेलं. सकाळी सकाळी स्कूटीनं गेले, नर फूल तोडून त्याचे परागकण तिले लावले, मधमाशीचं काम स्वतः केलं. फळ धरलं त्या दिवशी मी एवढी लांब व्हॉइस नोट टाकली की मामीने फक्त लिहिलं, "ऐकते रात्री."

एक फळ ठेवलं, बाकी खुडून टाकली. खुडताना जीव तुटला पण खुडली. फळाखाली तुरीच्या वाळक्या तुराट्या आडव्या टाकून माचा केला, म्हणजे ओल्या मातीले बूड लागत नाही. बाबांनी बाजूले काठी रोवून तिच्यावर जुनी चप्पल टांगली, नजरेसाठी. त्यात माझीच सँडल होती, पट्टा तुटलेली.

आई म्हणाली, "रोज रोज फोटू कायले टाकतं वं? लोकाईची नजर लागते."

"आपल्याच घरचे आहेत आई."

"घरच्याईचीच लागते."

आता इथं एक गोष्ट सांगावी लागते. आमच्या आजोळात नजर म्हटलं की सगळे माझ्याकडं पाहतात. मावशीनं नवीन मिक्सर घेतला तेव्हा मी म्हटलं, किती छान आवाज आहे याचा. तो त्याच आठवड्यात जळला. झालं. तेव्हापासून मामी नवी साडी नेसली की माझ्यापुढून जाताना पदर झाकून घेते, गमतीनं, पण झाकते. अन् कोवळ्या फळाले तर बोट दाखवायचंच नाही, सडते म्हणतात. दाखवायचंच असलं तर बोट मुडपून दाखवायचं. मी कधीच सरळ बोट दाखवलं नाही. तरी नाव माझंच.

ताई ग्रुपवर काही टाकत नव्हती. मी रोज, ती काहीच नाही. माझ्या फोटोंवर अंगठा, बस. मग गणपती झाल्यावर एक दिवस तिचा एकच फोटो आला. परसबागेची भिंत, भिंतीशी कोहळं, अन् अंदाज यावा म्हणून बाजूले हेल्मेट ठेवलेलं. हेल्मेट कोहळ्याच्या कडेले बसलेल्या पिल्लासारखं दिसत होतं. खाली एक अक्षर लिहिलं नव्हतं. फक्त हसरा चेहरा, तो पण छोटा.

मी तो फोटो मोठा करून पाहिला. परत पाहिला. क्लासमध्ये बाकाखाली पाहिला. हेल्मेट लहान मुलाचं असन असं वाटलं. मग आठवलं, ते हेल्मेट मी स्वतः घातलेलं आहे.

मी आईले म्हटलं मले अकोल्याले जायचं आहे, पुस्तक घ्यायचं आहे.

आई म्हणाली, "राजापेठेत पुस्तकं भेटणं बंद झालं का?"

तरी गेले. मावशीनं चहा केला, पोहे केले, ताई नेहमीसारखी गोड बोलत होती. मी कोहळ्याचा विषयच काढला नाही. मी तिच्या ड्रेसचा काढला, तिच्या कॉलेजचा काढला, डाळिंबाले फळं किती आली ते विचारलं. शेवटी तीच म्हणाली, "पायतं का?"

मागं गेलो. डाळिंबाखाली एक पोतं अंथरलेलं होतं, उंचवट्यासारखं, मी त्याच्यावर माझी पिशवी ठेवली. ताईनं मुडपलेल्या बोटानं भिंतीकडं दाखवलं. अन् ते होतं तिथं. फोटोपेक्षा मोठं. त्याचं ते केशरी पोट उन्हात असं चमकत होतं जसं काही कोणी तेल लावून मालिश करते रोज.

"बरं आहे," मी म्हटलं.

"बरंच हाय," ती म्हणाली.

मग मावशीनं आतून हाक मारली अन् ताई गेली. मी तिथंच बसले. आता मोजपट्टी कोणी घेऊन फिरत नाही, अन् घेऊन आले असते तर कळलं असतं. मी ओढणी काढली, कोहळ्याच्या पोटाभोवती फिरवली, जिथं टोक भेटलं तिथं गाठ मारली. मिठीच मारली म्हणा ना. गाल लागला होता त्याले. ताई आली तेव्हा ओढणी माझ्या गळ्यात होती अन् मी डाळिंबं मोजत होते.

परतीच्या बसमध्ये पूर्ण वेळ ती गाठ मुठीत. मूर्तिजापूर आलं, गेलं. बाजूची बाई म्हणाली, "काही बांधून आनलं का देवाचं?" मी म्हटलं, "हाओ."

सरळ वावरात गेले, घरी पण नाही. ओढणी माझ्या कोहळ्याभोवती फिरवली. टोक गाठीपर्यंत आलं, गाठ ओलांडून पुढं गेलं, वीतभर तसंच लोंबत राहिलं. म्हणजे ताईचं कोहळं माझ्या कोहळ्यापेक्षा वीतभर जास्त गोल. वीत म्हणजे बारीकशी गोष्ट वाटते. ती वीत मी तिथं मातीत बसून हातानं मोजली, मग बोटं ताणून मोजली, कमी भरते का ते पाहायले. माझं कोहळं, ज्याच्यासाठी मी उन्हासाठी कपड्याचं छत केलं होतं, ज्याच्याशी बोलत होते मी, ते एकदम गरीब दिसायले लागलं. मले त्याचा राग आला. खरंच. त्याले म्हटलं, खाऊन पिऊन एवढंच?

मग पाणी सुरू झालं. पाऊस गेला होता, ऑक्टोबरचं ऊन पडलं होतं, काळी माती तडकायले लागली होती, अन् मी पाइप लावून दिला. सकाळी. क्लासवरून आले की परत. गूळ-शेणाचं पाणी वेगळं. कोणीतरी सांगितलं ताक टाक, ताक टाकलं. बाबा पाहत होते. एक दिवस म्हणाले, "आता बस कर. त्याले तहान नाई लागली, तुले लागली."

"आणखी वीतभर पाहिजे बाबा."

"कोनी सांगतलं?"

मी ओढणी दाखवली. बाबांनी ती गाठ हातात धरून पाहिली, माझ्याकडं पाहिलं, अन् पंपाकडं निघून गेले.

पण वाढत होतं ना. रोज ओढणी लावत होते, अन् लोंबणारं टोक खरंच आखूड होत होतं. चार बोटं राहिली. मग दोन. मी ग्रुपवर फोटो टाकणं बंद केलं. आता मी पण ताईसारखी, माझं पण गुपित. मनात वाक्य तयार होतं, ताईच्या हातावर बी ठेवताना म्हणायचं. खूप वाक्यं तयार होती, त्यातलं एक निवडायचं बाकी होतं. सगळ्यात चांगलं होतं, "परसबागेच्या मानानं बरं करतं तू."

धनतेरसच्या आधी घरात साफसफाई चालू होती अन् बाबांचा वावरातून फोन आला. म्हणाले, "ये." बस एवढंच.

देठापासून खाली, पोटाच्या मधोमध, चीर पडली होती. हात आत जाईल एवढी. आतलं केशरी दिसत होतं, बिया दिसत होत्या, अन् मुंग्या पोहोचल्या होत्या आधीच. मी ओढणी काढली अन् तरी मोजलं. टोक बरोबर गाठीवर आलं. बरोबर.

बाबा म्हणाले, "एवढं पानी पेलं त्यानं. साल कुठंपर्यंत तानन?" मग चिरीवरच्या मुंग्या झटकत, "आज-उद्या खाल्लं नाई तं वाया जाईन."

कापायच्या आधी मी त्यांले भाजीच्या काट्यावर ठेवायले लावलं. आकड्याचा फोटो काढला. कशाले, ते तेव्हा माहीत नव्हतं. मग बाबांनी घाव घातला, अन् आमच्या गल्लीत ज्याच्या ज्याच्या घरी दिवाळीचा फराळ जातो त्याच्या घरी यंदा फराळाच्या आधी कोहळ्याची फाक गेली. लोक म्हणत होते, काय गोड आहे. मी खाल्लं नाही. बी मात्र धुतलं, राख चोळली, गच्चीवर ताटात वाळत घातलं. बी टपोरं होतं. नखाएवढं नाही, अंगठ्याच्या नखाएवढं.

भाऊबीजेले आमी मामाकडं गेलो ते कोहळ्याशिवाय. आईनं डब्यात कोहळ्याचे बोंडं नेले होते, गुळातले, तळलेले. मामानं एक तोंडात टाकलं अन् विचारलं, "हेच का ते?" आई म्हणाली, "हेच." मामा म्हणाला, "म्हंजे काट्याच्या आधी पोटात." सगळे हसले. मी ताईच्या गाडीकडं पाहत होते.

डिक्की उघडली. ताईनं अन् मावशीनं मिळून कोहळं उतरवलं, अन् मले वाटलं माझे डोळे बिघडले. लहान होतं. म्हणजे मोठंच होतं, पण ते नव्हतं. वीत सोडा, हातभर कमी.

मामीचं काट्यावर चढलं, उतरलं. ताईचं चढलं. मामानं आकडा वाचला अन् मी फोन काढला. माझा आकडा ताईपेक्षा जास्त होता. थोडा नाही. चांगला जास्त.

"मामा, हे पाहा."

मामानं चष्मा वर करून फोटो पाहिला. "वजन तं इचंच जास्त दिसते," तो म्हणाला, अन् मी वळून ताईकडं पाहिलं. मग म्हणाला, "पन फुटलेलं धरत नाई, बाई. आपला नियम हाय."

मागं एका वर्षी मामीचं तडकलं होतं तेव्हा नियम म्हणजे नियम असं ओरडणारी मीच होते, हे मामीले पण आठवलं. तिच्या तोंडावरून दिसलं.

मी ताईले विचारलं, "अन् ते कुठी गेलं?"

"कोनतं?"

"भिंतीजवळचं. तू मले दाखवलं ते."

मावशी हसायलेच लागली. "ते आमचं होतं का वं? ते बाजूच्या काकूचं. तिचा वेल भिंतीवरून आमच्याकडं उतरला होता."

"मग मले काहून दाखवलं?"

"मंग काय खरंवालं दाखवू?" ताई म्हणाली. "तुले? मिक्सर इसरली का? अन् पाय, माया अंदाज बरोबर निघाला. तू अमरावतीले पोचली नसन, त्या कोहळ्याच्या बुडाले पानी सुटलं. दिवाळीच्या आत सडलं. काकू आतापर्यंत इचारते, तुमच्याकडं कोन पाव्हनं आलं होतं."

अंगणात जो हशा झाला तो मी सांगत नाही. मामा काट्याले धरून हसत होता.

"अन् खरं कुठी होतं?"

"डायिंबाखाली, पोत्याच्या आत. तू त्याच्यावरच तं पिशवी ठेवली होती. माया जीव वर-खाली."

मी हिशोब केला. हसणाऱ्या लोकांत उभी राहून केला. त्या दिवशी, जेव्हा मी ओढणी घेऊन वावरात मातीत बसले होते, तेव्हा माझं कोहळं ताईच्या कोहळ्यापेक्षा मोठं होतं. त्या दिवशीच. एक थेंब पाणी जास्त द्यायची गरज नव्हती. मी जळत होते ते काकूच्या कोहळ्यावर. मी हरले ते काकूच्या कोहळ्याले, अन् काकू तर स्पर्धेत पण नव्हती.

मामानं घाव घातला. भाजी झाली. ताईनं वाटी घेतली, उभी राहिली. माझ्या हातावर बी ठेवलं अन् म्हणाली, "नीट लावजो बरं. अन् पानी जरा बेतानं."

घरी आलो तेव्हा आई म्हणाली, "रुसवा सोड आता." मी सोडलं नाही.

मग दोन-तीन दिवसांनी ताईचा मेसेज आला. ग्रुपवर नाही, मले एकटीले. आधी बोंडं लई मस्त होते वगैरे. मग, "तुयं बी हाय का गं शिल्लक? थोडं देतं का मले?"

मी ते वाचलं. परत वाचलं. फोटो मोठा करून पाहतात तसं ते वाक्य मोठं करून पाहिलं. तिच्या वाटीतलं बी सगळ्याईच्या घरी गेलं होतं, अन् तिले स्वतःले पाहिजे होतं माझ्या ताटातलं, नियमाबाहेरचं. तिनं तो काट्याचा फोटो माझ्याइतकाच नीट पाहिला होता. मामाच्या अंगणात हसता हसता पाहिला होता.

मी लिहिलं, "देते ना. ग्रुपवर माग."

दोन निळ्या खुणा लगेच आल्या. वर 'टायपिंग' दिसलं. बंद झालं. परत दिसलं. परत बंद. मी गच्चीवर बियाच्या ताटाजवळ बसून होते अन् मले अशी मजा कितीतरी महिन्यांत आली नव्हती.

अजून मागितलं नाही तिनं. रोज संध्याकाळी एकदा तरी 'टायपिंग' येते अन् जाते. आईले कळलं तशी ती मागं लागली आहे. "देऊन टाक न वं. बहीण हाय."

"मी कुठं नाही म्हणते? ग्रुपवर मागू दे."

"अन् तिनं नाई मागतलं तं?"

काल बाबांनी ताटातलं एक बी दातात धरून फोडून पाहिलं. म्हणाले, चांगलं वाळलं, आता डब्यात भर, नाहीतर उंदरं खातील. मी डबा भरला, झाकण लावलं. एक मूठ बाहेर ठेवली, कागदाच्या पुडीत. आईनं पुडी पाहिली अन् रिकामं ताट धुवायले घेऊन गेली. मी पुडीवर नाव टाकलं नाही.